आंबेनळीचा उतार

आई, तुम्ही माझ्या सासूबाई, पण लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी तुम्हाला आईच म्हणत आले. माहेरच्या आईला अगं आणि तुम्हाला अहो, एवढाच काय तो फरक. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की वाडीतल्या नव्या सुनांना तुमचा चेहराही माहीत नाही. परवा महाडहून पोलादपूरला येताना एसटीत पुढच्या बाकावर दोन कॉलेजच्या मुली बसल्या होत्या. त्यातली एक दुसरीला सांगत होती की मे महिन्यात घाटात शर्यत आहे, वरून खाली पळायचं, अर्ध मॅरेथॉन. अशी शर्यत आपल्याकडे पहिल्यांदाच होतेय, असं तिचं म्हणणं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि पोलादपूर तर अर्ध्या तासात येतं. घरी आले, चहा केला आणि हे लिहायला बसले.

तुमच्या घरात मी आले तेव्हा माझं वय ते काय होतं. उमरठच्या वाटेवरची आपली बौद्धवाडी, तिच्या टोकाला आपलं घर, मागे नाचणीचा वरकस, हलक्या मातीचा उतार आणि पुढे ओढ्याकाठची थोडी भातजमीन. मी महाडची, वडील कचेरीत कारकून. शाळेत मी पळायचे, एवढीच माझी ओळख होती. आमच्या खेळाच्या बाई पहाटे सायकलवर बसून मला दासगावच्या रस्त्यावर पळवायच्या. डाव्या हाताला सावित्री, तिच्यावर धुकं, आणि मागून बाईंच्या सायकलच्या साखळीची करकर. जिल्ह्याला माझी निवड झाली त्याच वर्षी तुमच्याकडून स्थळ आलं. वडील वाईट नव्हते. मुलीची हौस शाळेपुरती झाली, आता संसाराला लागू दे, इतकंच त्यांना वाटलं. ह्यांची नोकरी मुंबईत, एका कारखान्यात फिटर. शिमग्याला यायचे आणि गणपतीच्या सुट्टीत यायचे. बाकी वर्षभर घरात तुम्ही आणि मी. पुढे आपली छोकरी झाली तेव्हा आपण तिघी. तुम्ही फार बोलत नव्हता. चुकलं तर हातातलं काम काढून घेऊन स्वतः करायच्या, तीच तुमची शिक्षा. पहिल्या वर्षी मी तुम्हाला इतकी घाबरायचे की तुम्ही समोर आलात की हातातला पेला खाली ठेवायचे.

छोकरी रांगायला लागली होती तेव्हाची गोष्ट. चैत्र होता. एका दुपारी खेळाच्या बाई वाट विचारत विचारत वाडीत आल्या. साडीचा पदर डोक्यावर घेतलेला, चेहरा उन्हाने लाल. तुम्ही त्यांना पडवीत घोंगडी घातली, शेळीच्या दुधाचा चहा केला. बाईंनी सांगितलं, तालुक्यातली तरुण मंडळी शर्यत भरवताहेत, प्रतापगडाच्या फाट्यावरून सुरू करून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरच्या शाळेच्या मैदानावर संपायची. पुरुषांची नावं भरपूर आली, बायकांच्या रकान्यात त्यांच्या दोन विद्यार्थिनी सोडून कुणी नाही. मग त्यांनी मला विचारलं, तू पळशील? मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही उठून आत गेलात. बाई गेल्या, कपबशी विसळली, संध्याकाळ झाली, तुम्ही त्या विषयावर एक शब्द काढला नाही. मी तो नकारच समजले. आणि तरी दुसऱ्या दिवशी पहाटे, तुम्ही शेळीचं दूध काढत होता तेव्हा, घागर ओढ्यावर ठेवून मी गाडीरस्त्यापर्यंत पळाले. बाळंतपणानंतर पहिल्यांदा. पोटात कळ आली, छाती दुखली, पण पायांना आठवत होतं.

चार-पाच दिवस गेले असतील. एका पहाटे वळणावर तुम्ही उभ्या. कडेवर पोर, डोळ्यात झोप नाही. मी थांबले, धापा टाकत. तुम्ही विचारलंत, “पळतीयस कुनापासून गो?”

मी म्हटलं, कुणापासून नाही, बाई म्हणाल्या त्या शर्यतीसाठी. तुम्ही पोर माझ्या हातात दिली आणि पुढे चालू लागलात. संध्याकाळी तुम्ही तांदळाच्या भाकऱ्या थापत होता, मी चुलीत काटक्या सारत होते, आणि माझ्याकडे न बघता तुम्ही बोलायला लागलात. तसं तुम्ही आधी कधी बोलला नव्हता, नंतरही फारसं नाही.

“बाई पळताना दिसली का लोक तिच्याकडं बगत नाय,” तुम्ही म्हणालात. “तिच्या मागं कोन हाय ते बगतात.”

मग सांगितलंत. मामंजींना मी भिंतीवरच्या फोटोतच पाहिलेलं, फेटा बांधलेला देखणा माणूस. ते एकदा दारू पिऊन कोयता घेऊन आले होते. भर दुपारी, लावणीच्या दिवसांत. तुम्ही तान्ह्या मुलाला, म्हणजे ह्यांना, काखेत मारून ह्याच रस्त्याने पोलादपूरपर्यंत पळत सुटलात, भावाच्या घरी. शेताशेतांतून बायका-पुरुष चिखलात वाकलेले, ते उभे राहून बघत होते. तुमच्याकडे नाही, तुमच्या मागे. कुणी विचारलं नाही, थांबवलं नाही. थोड्या दिवसांनी भावानेच परत आणून सोडलं. “मानूस वाईट नव्हता,” तुम्ही भाकरी उलटत म्हणालात, “पुडं सोडली त्यानं.” आणि मग थोडं थांबून, “आता तू पळालीस तर लोक माज्याकडं बगतील. म्हनतील सासू मारते.”

मी म्हटलं, नाही पळत मी, राहू दे. तुम्ही भाकरी निखाऱ्यावर टेकवली, ती टम्म फुगली, ती माझ्या ताटात टाकलीत. “मी पळू नको कुटं म्हनले? चोरून पळू नको. दिसंल असं पळ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर, कुणी काही विचारायच्या आत, तुम्हीच सांगून टाकलंत की माझी सून घाटातल्या शर्यतीला पळणार आहे. भात किती पिकलं ते सांगावं तशा आवाजात. बायका हसल्या. एकीने तोंडावर पदर घेतला. तुम्ही घागर भरलीत आणि उचलून चालू लागलात. त्या दिवसापासून मी उजेडात पळायला लागले. तुम्ही पोर घेऊन बांधावर बसायच्या आणि मी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायच्या. घालायचं काय हा प्रश्न होता. शाळेतली चड्डी मला आता होत नव्हती आणि साडीत घाट उतरणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. तुम्ही तुमचं एक जुनं निळं लुगडं पोलादपूरच्या शिंप्याकडे नेलंत आणि त्याची सलवार आणि सैल झंपर शिवून आणलात. झंपराला बटणं पुढून होती. मी विचारलं तर म्हणालात, पोर अंगावर आहे, बटणं पुढंच हवीत. लुगडं तुमच्या जुन्या वापरातलं, मऊ झालेलं. अंगाला कुठे टोचायचं नाही. बूट बाईंनी दिले, पांढरे कॅनव्हासचे, अर्ध्या बोटाने मोठे.

शर्यतीच्या दिवशी आम्हाला ट्रकमधून वर नेलं. फाट्यावर पोहोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. वरची हवा थंड, जंगलातून ओल्या पाल्याचा वास, आणि खाली कोकण धुरकट, कुठे काय आहे कळू नये असं. पुरुष बरेच होते. महाडचे, पोलादपूरचे, वरच्या वाड्यांतले धनगरांचे काटक तरुण, आणि दोन-चार फौजेतून सुट्टीवर आलेले. बायका आम्ही चौघी. बाईंच्या दोन विद्यार्थिनी, वाईकडची एक उंच मुलगी, आणि मी. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, सुरुवातीला उतार गोड वाटेल, त्याच्या नादाला लागू नकोस. त्यांचं बरोबर होतं आणि मी ऐकलं नाही. घाट सुरू झाला आणि पाय आपोआप सुटले. वळणामागून वळण, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी, करवंदीच्या जाळ्या, कुठे जांभूळ. वारा तोंडावर येत होता. माझ्या पुढच्या पुरुषांना मी मागे टाकत होते. एकजण तर दचकून बाजूला झाला.

मग घाटाने आपलं खरं रूप दाखवलं. चढात छाती फुटते, उतारात गुडघे. प्रत्येक पावलाला शरीर पुढे पडू बघतं आणि मांड्या त्याला मागे ओढतात; थोड्या वेळाने मांड्या थरथरायला लागतात आणि थांबत नाहीत. बुटात बोटं पुढे आपटत होती. ऊन डोंगरावरून खाली उतरलं होतं, आणि जसजशी मी खाली येत होते तसतशी हवा जड, गरम, दमट होत चालली होती, जणू चुलीकडे कुणी ढकलत नेतंय. डांबर मऊ झालं होतं. दुधाने छाती ताठली होती, प्रत्येक पावलाला हिसका बसायचा, आणि झंपर पुढून ओला झाला तो घामाने की दुधाने ते कळत नव्हतं. ज्यांना मी मागे टाकलं होतं ते आता एकेक करून पुढे जात होते. पोरीसाठी घरी शेळीचं दूध, वाटी-चमचा, सगळं ठरवून ठेवलेलं होतं. ती दुपारपर्यंत राहील असं तुम्हीच म्हणाला होता.

एक वळण उतरते तो जांभळीखाली तुम्ही उभ्या. घाट जवळजवळ संपत आलेला, खाली कापडे गावाची कौलं दिसताहेत. तुमच्या पायाशी तांब्याची कळशी, खांद्यावर पोर, आणि पोर रडून रडून निळी पडलेली. शेळीचं दूध तिने थुंकून टाकलंय, सकाळपासून काही घेतलेलं नाही. एवढी वाट तुम्ही तिला आणि कळशीला घेऊन कशा तुडवत आलात ते मला आजही समजत नाही. मी थांबते. पाय थांबायला तयार नाहीत, मी रस्त्याच्या कडेला दगडावर कोसळल्यासारखी बसते आणि पोरीसाठी हात पुढे करते.

तुम्ही पोर लगेच देत नाही. “थांब,” तुम्ही म्हणता. “उन्हातनं आलीस. आदी थोडं पिळून टाक.” मी पहिलं दूध मातीत पिळते. पोर तोंड लावते आणि लगेच मागे घेते, घामाने सगळं खारट झालेलं असतं. तुम्ही पदराचं टोक कळशीत बुडवता, मला पुसता, लहान मुलाला पुसावं तसं, आणि मग ती पिऊ लागते. तिचा गळा आवाज करतो. तुम्ही रस्त्याकडे तोंड करून माझ्यापुढे उभ्या राहता, दोन्ही हातांनी पदर पसरून. मला तुमची पाठ दिसते, मानेवरचा घाम दिसतो आणि पदराखालून पळत जाणारे पाय दिसतात.

त्यातले दोन पाय थांबले. “मावशी, पाणी आहे का?” आवाज तरुण, महाडकडचा. तुम्ही म्हणालात, “हाय. पन आमी बौद्धवाडीतली हाव, बाबा.”

तो धापा टाकत होता. म्हणाला, “मावशी, ते मी विचारलं का?” तुमचे दोन्ही हात पदराला. त्याने स्वतःच वाकून कळशी उचलली, तोंडात ओतली, थोडं डोक्यावर घेतलं आणि मागून येणाऱ्याला दिली. तो प्यायला, त्याच्यामागचा प्यायला. नंतर एकजण आला, त्यानेही हात पुढे केला होता. मग त्याने तुमच्याकडे बघितलं, आपल्या वाडीकडून येणाऱ्या पायवाटेकडे बघितलं, ओठ पुसले आणि तसाच खाली गेला. तुम्ही त्याच्या पाठीकडे कितीतरी वेळ बघत राहिलात. “तसाच गेला गो,” तुम्ही म्हणालात, “तानलेला.” तुमच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र आला होता, आणि तुम्हाला का येत नाही ह्याचा त्याहून जास्त. आता तुमच्या वयाची झाल्यावर वाटतं, राग तुम्ही इतका आधी वापरून संपवला होता की त्या माणसासाठी कीवच उरली होती.

पोर पिऊन झोपली. मी उठायला गेले आणि पाय उचलेनात. मांडीचे स्नायू मुठीसारखे आवळलेले. बाईंच्या दोन्ही विद्यार्थिनी मी बसलेली असतानाच पुढे गेल्या होत्या. मला रडू आलं. मी म्हटलं, आई, झालं, आता तुमच्याबरोबर घरी येते. तुम्ही पोर खांद्यावर घेतली, कळशीत उरलेलं पाणी माझ्या मांड्यांवर ओतलंत आणि पाठीमागच्या पायवाटेकडे बोट केलंत.

“घरी जायला चढ हाय. पोलादपूरला उतार. तुजं तू बग.”

मी हसले. रडता रडता हसले आणि उभी राहिले. चार पावलं गेले असेन, तुम्ही मागून म्हणालात, “आनि कुनी मागं बगितलंच, तर मी हाय मागं. बगू देत.”

पुढचं मी पळाले असं म्हणणं खोटं होईल. कापड्यापर्यंत लंगडत गेले, नंतर सपाट रस्ता लागला तेव्हा थोडं पळाले, थोडं चालले, परत पळाले. लोक घराबाहेर येऊन बघत होते. एका म्हाताऱ्याने खरंच माझ्या मागे नजर टाकली, रस्ता रिकामा होता. मी त्याला हात केला. पोलादपूरच्या मैदानावर पोहोचले तेव्हा बक्षीस समारंभ चालू होता, पाहुण्यांचं भाषण रंगात आलेलं. वाईची मुलगी पायात गोळे आल्याने वर घाटातच बसली होती, म्हणून चौघींत मी तिसरी. भाषण न थांबवता कुणीतरी माझ्या हातात स्टीलचा पेला दिला. खेळाच्या बाई मात्र मांडवातून उठून उन्हात धावत आल्या आणि त्यांनी मला सगळ्यांसमोर मिठी मारली.

तुम्ही बऱ्याच वेळाने आलात, दुधाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून, पोर मांडीवर. मी शाळेच्या नळाखाली पाय सोडून बसले होते. अंगठ्यांची नखं काळी पडली होती. तुम्ही खाली बसून एकेक बोट दाबून बघितलंत. मग पेला उचलून उलटासुलटा केलात, पालथा करून बूड बघितलंत आणि म्हणालात, “ह्याच्यासाटी?” आणि हसायला लागलात. तुम्हाला इतकं मोठ्याने हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं. पोरीला कळेना काय झालं, तीही हसायला लागली.

नखं गळाली, नवीन आली. वाडीत महिनाभर बोलणं झालं आणि मग लावणी आली, कुणाला बोलायला वेळ उरला नाही. पोरीचं अंगावरचं दूध सुटल्यावर खेळाच्या बाईंनी शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाचं सुचवलं. हे कचरले, तुम्ही नाही. हिला पाठव, पोर मी बघते, एवढंच तुम्ही ह्यांना म्हणालात. मी वर्षभर बाहेरगावी राहिले. सुट्टीला आले तर पोर तुम्हाला आई म्हणायची आणि मला ओळख नसल्यासारखी बघायची. त्याने मी आतून तुटायचे. तुम्ही ते बघितलंत आणि तिला माझ्या अंथरुणात आणून टाकलंत, ती रडली तरी उचलली नाहीत. मग महाडजवळ एका शाळेत मला नोकरी लागली. किती मुलींना पळायला शिकवलं ते आता आठवत नाही. कुणाच्या घरून नकार आला की मी स्वतः जायचे, पडवीत बसायचे, मुलीच्या आईशी किंवा आजीशी बोलायचे. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेच्या मैदानावरच होते. भाताची कापणी नुकती झाली होती, तुम्हाला तापाने आठवडाभर धरलेलं. संध्याकाळी घरी पोहोचले तर बायका जमलेल्या. तुमचा हात अजून कोमट होता.

आपली छोकरी आता पुण्यात असते. पळण्याचं नाव काढत नाही. म्हणते, आई, मला लिफ्ट पुरे. तिला त्या जांभळीची गोष्ट मी सांगितली आहे, कळशीची, पदराची, सगळी. ती ऐकताना तिचे डोळे भरतात. एक मात्र मी तिला सांगितलेलं नाही, कुणालाच नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच कदाचित हे तुम्हाला लिहून सांगणं सोपं जातंय.

तुम्ही दिसलात त्या वळणाच्या बऱ्याच आधी, वर घाटात, जेव्हा पाय सुटले होते आणि वारा लागत होता, तेव्हा काही वेळ मी सगळं विसरले होते. घर, हे, तुम्ही. आपल्याला एक मूल आहे, हेसुद्धा मला आठवत नव्हतं. आई, आयुष्यात इतकं बरं मला परत कधी वाटलं नाही.